झोळीखालचा हात

बाबा, आज तुमच्या पणतीला मी दिवसभर सांभाळलं. हे ऐकून तुम्ही हातातला धोटा थांबवला असता आणि माझ्याकडे नुसतं बघितलं असतं. आई मात्र गप्प बसली नसती. "कोण, हा?" असं म्हणाली असती, आणि तिचंही बरोबरच आहे. बासष्ट वर्षांत मी कोणाचं तान्हं लेकरू धड मांडीवर घेतलेलं नाही. बारशाला गेलो तर पाळण्यापासून चार हात लांब बसायचं, पेढा खायचा, पाकीट द्यायचं आणि निघायचं, अशी माझी ख्याती. भाचीला मी पहिल्यांदा बोट दिलं तेही ती स्वतःच्या पायांनी चालत माझ्याकडे आली तेव्हा. तिचीच ही पोरगी, आठ महिन्यांची. आज सकाळी साडेआठला ती माझ्या दारात ऑटोतून उतरली, सोबत एक भली मोठी पिशवी आणि भाचीने लिहिलेल्या दोन पानी सूचना. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात अख्खी नोकरी काढली मी, पण एवढ्या सूचना लावलेला माल माझ्या हाती कधी आला नव्हता.

सगळं झालं ते धाकटीच्या डोळ्यामुळे. तुमच्या धाकटीला, माझ्या बहिणीला, मोतीबिंदू झालाय, बाबा. शुगर आहे तिला, त्यामुळे जरा लवकरच आला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि दोनदा पुढे ढकललं गेलं, दोन्ही वेळा या पोरीपायी. भाची नोकरीला जाते, तिचा नवरा कळमेश्वरला कारखान्यात पाळीवर असतो, पोर दिवसभर आजीजवळ. आता आजीच टेबलावर झोपणार आणि भाची तिच्यासोबत दवाखान्यात थांबणार, तर पोरीला बघणार कोण? पहिल्या वेळी ज्या बाई येणार होत्या त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या वेळी शेजारी ठेवली तर हिने असा गोंधळ घातला की दोघी मायलेकी दवाखान्याच्या दारातून परत आल्या. डॉक्टर म्हणाले, आता आणखी थांबलात तर डोळ्याची हमी देता येणार नाही. धाकटी हे सगळं मला फोनवर सांगत होती. मला विचारत नव्हती ती, नुसती रडगाणं गात होती. आणि मी म्हणालो, माझ्याकडे ठेव. तिने दोनदा विचारलं, कोणाकडे?

दारात उतरतानाच त्या पिशवीची चेन उसवली आणि दुधाची बाटली, लंगोट, खुळखुळा असं सगळं पायरीवर सांडलं. धाकटी हसली आणि म्हणाली, "घ्या! बाबांची गाठ!" भाचीही हसली. तुम्हाला आठवतं ना, आपल्या घरात कुठलीही वस्तू निसटली, उसवली, सुटली की हेच म्हणतात. सायकलच्या कॅरिअरवरून गाठोडं घसरलं, बाबांची गाठ. परकराची नाडी सुटली, बाबांची गाठ. एक सोयरीक मोडली होती आपल्यात, तेव्हासुद्धा कोणीतरी म्हणालं होतं. तुम्ही स्वतःही हसायचात त्यावर, तोंडात पानाचा विडा असताना हसायचात तसं, ओठ मिटून. मी या बोलण्यावर कधी हसलो नाही. आज मी जे लिहायला बसलोय ते त्याच गाठीबद्दल आहे. पण मला माझ्या चालीने येऊ द्या, एकदम तोंडावर नाही सांगता यायचं.

"दादा, पाहा बरं," धाकटी ऑटोत बसता बसता म्हणाली. "जास्त रडली तं सरळ फोन कर. आम्ही वापस येतो. डोळा काय, कुठं पळून जाते काय?"

"तू जा वं. मी पाहतो."

"तू पाहतो म्हणून तं भेव लागते," ती म्हणाली आणि ऑटो निघाला. पोरगी माझ्या कडेवर होती. तिने आधी ऑटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. कपाळावर काजळाचा एवढा मोठा ठिपका, आणि नजर अशी की तपासणीला आलेला साहेबच.

घर तेच आहे, बाबा, तुम्ही पाहिलेलं. टिमकीतली तीच गल्ली. फक्त कौलं गेली आणि स्लॅब आला. तुम्ही पाय सोडून विणायला बसायचात तो मागाचा खड्डा मी भरून घेतला आणि त्यावर फरशी बसवली, तरी तेवढ्याच जागेवर पाय पडला की आवाज वेगळा येतो, जरा पोकळ. स्लॅब टाकताना तुमच्या सुनेने मिस्त्रीला सांगून छताला दोन जास्तीचे हुक बसवून घेतले होते. कशासाठी ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. एका हुकाला ती शेवटपर्यंत पावसाळ्यात कपडे वाळत घालायची, दुसरा रिकामाच राहिला. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

सकाळ बरी गेली. सूचनापत्रिकेत सगळं वेळेनिशी लिहिलं होतं: साडेनऊला दूध, अकराला कुस्करलेलं केळं, मध्ये पाणी, बाराला झोप. लंगोट कसा बांधायचा याची चित्रंही काढली होती. आता लंगोट म्हणजे कापडाचा नाही हो, कागदी असतो, दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या. पहिला मी उलटा लावला. दुसरा सुलटा लावला तर त्याची पट्टी माझ्याच मनगटाला चिकटली, आणि ती बया इतकी हसली की मला वाटलं शेजारी ऐकू गेलं असेल. स्टीलची वाटी फरशीवर फिरवून दिली की ती वाटी थांबेपर्यंत बघायची आणि थांबली की माझ्याकडे बघायची, पुन्हा फिरव म्हणून. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. खिडकीतल्या कूलरमधून खसाचा ओला वास येत होता, बाहेर ऊन नुसतं पांढरं झालेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. वाटी फिरतेय, पोर बघतेय, मी बघतोय. मध्येच मला वाटून गेलं की मी नऊ वर्षांचा आहे आणि कोणीतरी मला सांगितलंय, इथून हलू नको.

बाराला ती माझ्या खांद्यावर झोपली. कूलरच्या समोर उभा राहून मी डुलत होतो, तो घुमत होता, आणि तिची मान हळूहळू जड झाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तिला गादीवर ठेवायला वाकलो आणि लाइट गेली. कूलर घरघरला, पंखा दोन फेरे मारून थांबला, आणि घरात एकदम चिडीचूप. ती खाडकन उठली. नुसती उठली नाही, भोकाड पसरलं. तेव्हाच मला तुमचा आवाज आठवला, बाबा, मागावरून आईला ओरडून सांगणारा: "माग थांबला का पोट्टी उठते!" आपल्या घरातली सगळी पोरं आवाजात झोपलेली. तुम्ही झोळीला दोरी बांधायचात आणि तिचं दुसरं टोक मागाच्या फणीच्या चौकटीला. फणी पुढे आली की झोळी पुढे, मागे गेली की मागे. तुम्ही विणायचात आणि पोर झोपायचं, कोणाला हात लावायची गरज नाही. मीही तसाच झोपलो असणार, पण धाकटीचं मला डोळ्यांनी पाहिलेलं आठवतं. चहासाठी जरी थांबलात तरी तुम्ही पायाने पावडी दाबत राहायचात, नुसता आवाज व्हावा म्हणून.

पाऊण तास रडली. मी गाणं म्हटलं, ते ऐकून जास्त रडली. दूध नको, पाणी नको, वाटी तर तिने फेकूनच दिली. तेवढ्यात भाचीचा फोन.

"मामा, आईले आत घेऊन राहिले. पाच मिनिटात. ती रडून राहिली काय? मले ऐकू येते. सांगू काय डॉक्टरांले, थांबा म्हणून?"

खरं सांगतो, 'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. या तुम्ही परत, घेऊन जा हिला, माझ्या हाती लेकरू देऊ नये हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. मग मला तो डोळा आठवला. दोनदा परत आलेला डोळा.

"रडते," मी म्हणालो. "पण तू येऊ नको. मी झोळी बांधतो."

"तुम्ही?"

फोन तिच्या हातातून धाकटीने घेतला. तिला तो दवाखान्याचा हिरवा गाऊन चढवलेला असणार, डोक्यावर टोपी. "दादा, बांध गा," ती म्हणाली. "फक्त बाबांसारखी गाठ नको मारजो." आणि हसत हसत आत गेली.

मी कपाट उघडलं. सगळ्यात खाली तुमच्या मागावरचं एक लुगडं आहे, आईचं, हिरव्या काठाचं. धुवून धुवून इतकं मऊ झालंय की हातात घेतल्यासारखंही वाटत नाही. पोर गादीवर आडवी पडून किंचाळतेय आणि मी स्टुलावर चढून त्या रिकाम्या हुकातून दोर ओवतोय. लुगड्याची दोन्ही टोकं एकत्र घेतली आणि हात थांबला. त्रेपन्न वर्षांत मी कधीच झोळी बांधली नव्हती. पण बोटांना येत होतं. दोन वेढे, मग टोक खालून वर, राहिलेलं शेपूट आतल्या वेढ्यात. तुम्ही मला ही गाठ शिकवली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझा हात तुमच्या हातात धरून तुम्ही ती बांधली होती, आणि मग म्हणाला होतात, "आता लटक याले." मी लटकलो. "पाहा, वजन पडलं का अजून आवळते. सोडाची असली तं आधी वजन उचलाचं, मंग शेपूट ओढाचं. दुसरा रस्ता नाई." गल्लीतल्या बाया नवीन झोळी बांधायची असली की तुम्हालाच बोलवायच्या. विणकर सगळेच होते, पण गाठ तुमची.

मी आधी झोळीत दहा किलोची कणकेची थैली टाकली. टांगून हलवून पाहिली. मग पोरीला ठेवलं. झोळीत गेल्यावर ती जराशी गप्प झाली, लुगड्याच्या काठातून एक डोळा बाहेर काढून बघायला लागली, पण झोपेना. घर फार शांत होतं. मग मी चपला काढल्या आणि फरशीच्या त्या पोकळ जागेवर टाच आपटली. खट. एका हाताने झोळी ओढली, जीभ टाळूला लावून आवाज काढला. खटाक. खट-खटाक, खट-खटाक. बासष्ट वर्षांचा माणूस भर दुपारी टाच आपटत तोंडाने माग चालवतोय. कोणी बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं. तिचा तो एक डोळा हळूहळू बारीक झाला. मग मिटला. मी थांबलो नाही, थांबायची भीती वाटत होती. खट-खटाक. दुपार पातळ होत गेली, भिंतीवरचं ऊन सरकलं की मी सरकलो ते कळेना, आणि फरशीखालून तुमचा माग मला उत्तर द्यायला लागला.

तान्हा पोळा आहे, मी नऊ वर्षांचा. तुम्ही खड्ड्यात पाय सोडून विणताय, घाईचं काम आहे. आई सूत आणायला गेलीय. धाकटी झोळीत झोपलीय, आणि मला तिच्याजवळ बसवलंय, दोरी गुंतली तर सोडवायला. इतवारीकडून ढोल ऐकू येतायत. मारबत निघालीय. बांबू-कागदाची ती एवढी मोठी पिवळी बाई, पाठोपाठ काळी, मागे बडग्यांचे पुतळे, आणि सगळं गाव ओरडतंय, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. माझे सगळे दोस्त गेलेत. मी विचारतो, मी जाऊ? तुम्ही मान वर न करता म्हणता, "आई येऊ दे, मंग जा." ढोल जवळ येतात. मी पुन्हा विचारतो. तुम्ही म्हणता, "पोट्टी झोपून आहे, तिले पाहा." आणि माझ्या डोक्यात येतं, ती झोपलीय म्हणून मी अडकलोय. ती उठली तर तुम्ही माग थांबवाल, तिला घ्याल, आणि मी मोकळा. मी फणीची दोरी हळूच काढून टाकतो. झोळी हलायची थांबते. ती उठत नाही, कारण मागाचा आवाज चालूच आहे. ढोल कोपऱ्यावर आलेत. मग मी ठरवतो की झोळी जराशी खाली घसरवायची, एक हिसका बसेल, ती रडेल. मला माहीत आहे गाठ कशी सुटते. तुम्हीच शिकवलंय. मी झोळीखाली खांदा लावतो, तिला उचलतो, आणि शेपूट ओढतो. नुसतं थोडंसं ओढायचं होतं, बाबा. ते सगळंच निघालं. माझा खांदा निसटला.

खड्ड्याच्या काठाच्या लाकडावर तिची हनुवटी आपटली. मला रक्त आठवत नाही, तुमचं उठणं आठवतं. तुम्ही खड्ड्यातून वर आलात तेव्हा मी दारात होतो. तुम्ही तिला उचललंत आणि अनवाणी पळालात. तीन टाके पडले. संध्याकाळी अंगण माणसांनी भरलेलं, कोणीतरी विचारलं, "पण गाठ सुटली कशी गा? तुह्यी गाठ?" तुम्ही सुटलेलं लुगडं हातात घेऊन बघत होता, टोक बोटांवर फिरवत होता. मग म्हणालात, "माह्यीच चूक झाली. नीट नाई मारली." नंतर मला जवळ घेतलंत आणि विचारलंत, "तू कुठं होता?" मी म्हणालो, मारबत पाहायला दारात गेलो होतो. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. म्हणालात, "बरं झालं. खाली असता तं तुलेही लागलं असतं."

तुम्ही मला एक सणसणीत ठेवून दिली असती तर मी त्याच क्षणी सगळं ओकलो असतो. तो हात फिरला आणि माझं तोंड कायमचं शिवलं गेलं. त्यानंतर तुम्ही मागाला झोळी कधी बांधली नाही. गल्लीतल्या बाया बोलवायच्या थांबल्या. ताण्याचा तुटलेला धागा जोडताना तुम्ही तो दोन-दोनदा ओढून बघायला लागलात, आणि सायकलवर गाठोडं बांधून निघालात की कोपऱ्यावरून परत यायचात, पुन्हा आवळायला. घरात 'बाबांची गाठ' सुरू झालं. तुम्ही हसायचात. मी मात्र बायकांच्या घोळक्यातून, पाळण्यांपासून, तान्ह्या पोरांपासून लांब लांब सरकत गेलो. लोक म्हणायचे, याला पोरांची आवड नाही. तुमच्या सुनेलाही तसंच वाटत राहिलं, आणि तिलाही मी काही सांगितलं नाही.

सांगायची एक संधी मला नीट मिळाली होती, बाबा. तुम्ही जायच्या आधी दोनेक वर्षं. धाकटी बाळंतपणाला इथे आली होती, भाची तीन महिन्यांची. झोळी तुमच्या जावयाने बांधली होती, तुम्ही बांधायला नकार दिलात. मी ऑफिसातून आलो तर तुम्ही खुर्चीत बसलेले, आणि तळहात झोळीखाली धरलेला. आईने नंतर सांगितलं, दुपारपासून तुम्ही असेच बसला होतात. मी विचारलं, हात दुखत नाही काय? तुम्ही म्हणालात, "दुखू दे. गाठीचा काही भरोसा नाई." घरात त्या वेळी आपण दोघेच जागे होतो. एक वाक्य होतं नुसतं. मी मोरीत गेलो आणि खूप वेळ पाय धूत राहिलो. बाहेर आलो तेव्हा आई उठली होती आणि तुम्ही तसेच बसलेले होता.

लाइट कधी आली मला कळलं नाही. कूलर घुमत होता, पोरगी गाढ होती, माझी टाच दुखत होती. फोन वाजला तेव्हा मी एका हाताने उचलला. भाची म्हणाली, झालं ऑपरेशन, चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं. आणि रडायलाच लागली. मग घाबरून विचारलं, "पोट्टी?" मी म्हणालो, झोपलीय. "अजून?" हो, अजून. तिने विश्वास ठेवला नसावा, कारण तिने मला फोन झोळीजवळ न्यायला लावला आणि श्वास ऐकला.

पाचच्या सुमाराला दोघी आल्या. धाकटीच्या डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसऱ्या डोळ्याने ती आधी पोरीला शोधत होती. पोर उठून माझ्या मांडीवर बसली होती आणि माझ्या चष्म्याच्या काडीशी झटापट चालली होती. धाकटी दारातच थांबली. मांडीवर पोर असलेला मी तिने पहिल्यांदाच पाहिला. मग तिची नजर वर गेली, झोळीवर. "हे आईचं लुगडं होय नं?" ती म्हणाली, आणि पुढे, "गाठ कोणाची मारली?"

"बाबांची."

"अगं माय! मंग पडली काहून नाई?"

"पडत नाही ती," मी म्हणालो. "ओढून पाहा."

तिने हसत एका हाताने ओढली. मग दोन्ही हातांनी. मग डोळ्याला जपत, भाची ओरडत असताना, निम्मं अंग त्या लुगड्यावर टाकलं. गाठ चर्र वाजली आणि आणखी आवळली. धाकटीने हात काढले. गाठीकडे बघता बघता तिचं बोट आपसूक हनुवटीवर गेलं, तिथे, जिथे ते जातंच नेहमी.

"मंग माह्या वेळी कशी सुटली गा, दादा?"

भाची पिशवी भरत होती. पोरगी माझा चष्मा चावत होती. मी म्हणालो, "चहा ठेवतो," आणि स्वयंपाकघरात आलो. पाणी उकळून उकळून निम्मं झालं, मी पुन्हा घातलं. धाकटीने पुन्हा विचारलं नाही. पण जाताना म्हणाली, आठवडाभर डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलीय, उद्यापासून पोट्टी तुझ्याकडेच, झोळी सोडू नको. म्हणजे उद्या सकाळी साडेआठला धाकटी पुन्हा दारात असणार, एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत. तिला सांगायचं आहे, बाबा. आधी तुम्हाला सांगून बघितलं, कारण तुम्ही आता डोक्यावरून हात फिरवू शकत नाही.

हा कागद कुठे टाकायचा ते मला ठाऊक नाही, भाचीच्या सूचनांखाली ठेवून देईन. एवढंच राहिलं सांगायचं. पोरगी तीन तास झोपली. गाठ तुमची होती, सुटणार नव्हती, हे माझ्याइतकं या जगात कोणाला ठाऊक असणार? तरी तीन तास मी झोळीखाली हात धरून बसलो होतो.